निष्ठा कोणाची?

कुत्र्याच्या इमानाचे गोडवे गाण्याची आमच्या सुशिक्षित वर्गात एक रीतच पडून गेली आहे. या रीतीच्या आड आपले स्वतःचे इमान किती सोयीस्करपणे झाकले जाते, इकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. मुलगा अगर मुलगी शिक्षणासाठी परगावी किंवा परदेशी जाते आणि घरचा कुत्रा दाराशी मान टाकून बसतो. आल्यागेल्याला ते दृश्य कौतुकाने दाखविले जाते. "पाहा, अजून वाट पाहतो आहे बिचारा!" असे उद्गार निघतात. वर्ष उलटते न उलटते तोच त्याच घरात निराळी भाषा सुरू होते : "ज्याचा कुत्रा तो तर गेला, आता ही ब्याद आम्ही किती दिवस सांभाळावी?" या दुसऱ्या भाषेचा समाचार घेणे अवश्य झाले आहे.

प्रथम 'ज्याचा कुत्रा' हा शब्दप्रयोगच तपासून पाहू. पिल्लू घरात आले तेव्हा मूल आठ-नऊ वर्षांचे होते. हट्ट त्याचा होता हे खरे. परंतु होकार कोणाचा होता? आठ वर्षांच्या मुलाच्या हट्टावरून आपण घर विकत नाही की गाव बदलत नाही. तेव्हा जो होकार दिला तो वडीलधाऱ्यांनी, समजून उमजून दिला. शिवाय हिशेब अगदी साधा आहे. कुत्र्याचे आयुष्य सामान्यतः दहा ते तेरा वर्षांचे. आठव्या वर्षी पिल्लू मिळालेले मूल अठराव्या-विसाव्या वर्षी घराबाहेर पडते, तेव्हा त्या कुत्र्याचे सांधे धरू लागलेले असतात आणि नजर मंदावलेली असते. वियोग आणि वार्धक्य त्याच्या वाट्यास एकदमच येतात. हे पहिल्या दिवशीच बोटांवर मोजता येण्याजोगे होते. त्याला आकस्मिक संकट म्हणणे ही आत्मवंचना होय.

यावर कित्येकांचे म्हणणे असे की, कुत्र्याचे नाते भाकरीशी. वाडगे भरणारा हात बदलला म्हणून त्याचे काही बिघडत नाही. हा युक्तिवाद आता टिकण्यासारखा राहिलेला नाही. अमेरिकेत अटलांटा येथील एमरी विद्यापीठातील संशोधकांनी बारा कुत्र्यांना निरनिराळे वास देऊन त्यांच्या मेंदूचे व्यापार पाहिले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणे, सुखाच्या अपेक्षेशी निगडित असलेला मेंदूचा भाग सर्वांत अधिक जागृत झाला तो ओळखीच्या माणसाच्या वासाने. आणि तो माणूस बहुधा त्या ठिकाणी हजरही नव्हता. समोर नसलेल्या माणसाचा नुसता वास ज्याला इतका हलवितो, त्याचे नाते केवळ वाडग्याशी आहे असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

आमच्या इमानस्तुतीची खरी परीक्षा होमरच्या 'ओडिसी'त आहे. वीस वर्षांनी वेषांतर करून परतलेल्या ओडिसियसला त्याचा म्हातारा कुत्रा आर्गस ओळखतो, शेपूट हलवितो आणि प्राण सोडतो. या प्रसंगावर आजवर पुष्कळ अश्रू ढाळले गेले. परंतु तो आर्गस त्या वेळी शेणाच्या ढिगाऱ्यावर, अंगभर गोचिड्या घेऊन का पडला होता, हे किती वाचक विचारतात? घर ओस पडले नव्हते. पत्नी होती, वयात आलेला पुत्र होता, दासदासी होत्या. नव्हता तो फक्त एक धनी. आणि तेवढ्यावरून कुत्रा कोणाचाच राहिला नाही. आमच्या घरांतून आज जे घडते ते याहून फारसे वेगळे नाही.

याउलट महाभारतकाराने महाप्रस्थानिक पर्वात निष्ठेचे ओझे कुत्र्यावर टाकलेच नाही. हस्तिनापुरापासून मागे चालत आलेल्या कुत्र्याला टाकून रथात चढण्यास युधिष्ठिर नकार देतो आणि आश्रिताचा त्याग हे महापातक मानतो. तेथे कसोटी माणसाची आहे. ही कथा लहानपणी सांगावयाची आणि म्हाताऱ्या कुत्र्याला गाडीत घालून गावाबाहेर सोडावयाचे, हे दोन्ही एकाच कुळात कसे शोभते? १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने उपाशी-तहानेले राहण्याच्या स्थितीत जनावर टाकून देणे हा अपराध ठरविला खरा. परंतु पहिल्या अपराधास दंड सांगितला तो दहा ते पन्नास रुपयांचा! तेव्हा कायद्याच्या भीतीवर विसंबणे व्यर्थ आहे.

दूर गेलेल्या मुलांनाही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. आठवड्यातून एकदा दूरध्वनीच्या पडद्यावरून लाडाच्या हाका मारल्या म्हणजे कर्तव्य संपले असे त्यांनी समजू नये. हाक येते आणि वास येत नाही, याचा उलगडा त्या मुक्या जिवाला कसा व्हावा? त्यापेक्षा एखादा न धुतलेला सदरा त्याच्या अंथरुणावर ठेवून जावे, औषधपाण्याचा खर्च आपल्या मिळकतीतून आठवणीने धाडावा आणि सुटीत घरी आल्यावर पहिली सकाळ मित्रांना न देता त्याला द्यावी. आईबापांनी त्याच्या फिरण्याची आणि जेवणाची जुनी वेळ मोडू नये. ज्यांना आजारपणामुळे किंवा स्थलांतरामुळे खरोखरच निभावणे अशक्य, त्यांना आम्ही दोष देत नाही. मात्र त्यांनी दुसरे घर आधी शोधावे, तेथे त्याला हळूहळू रुळवावे आणि मगच दार लावावे.

कुत्रा वाट पाहतो हे सर्वांना सांगून झाले आहे. तो वाट पाहत असताना आपण त्याच्याशी कसे वागलो, हे सांगण्याची पाळी आता आपली आहे.