दंतरोपणाच्या यशाचे मोजमाप
स्वीडनमध्ये १९६५ साली पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे कृत्रिम दंतमूळ बसविले. तेव्हापासून दंतरोपणाचे यश प्रामुख्याने ते हाडात टिकले की नाही, यावरून मोजले जाते. मात्र खालच्या जबड्यातील मज्जातंतूला इजा झाल्यास, दात घट्ट राहूनही ओठ व हनुवटी बधिर होऊ शकतात; जेवणे, बोलणेही अवघड होते. मधुमेह, धूम्रपान किंवा हिरड्यांचा जुना विकार असल्यास रोपणाभोवती संसर्ग होऊन हाड झिजण्याचा धोका वाढतो. मुखआरोग्याचा दैनंदिन जीवनावरील परिणाम मोजणारी चौदा प्रश्नांची प्रश्नावली १९९७ पासून उपलब्ध आहे. भारतात दंतोपचाराचा खर्च बहुधा रुग्णालाच सोसावा लागतो. त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वी धोक्यांची स्पष्ट कल्पना देणे आणि नंतर रुग्णाच्या त्रासाचीही नोंद ठेवणे अगत्याचे ठरते.