विहिरीची मालकी आणि पाण्याचा हिशेब
(सर्व कास्तकार व बागायतदार बंधुभगिनींस जाहीर पत्रक)

सातबाऱ्यावर विहीर आपल्या नावे आहे, तेव्हा तिचे पाणी किती उपसावे आणि कोणत्या पिकास द्यावे हे ठरविण्याचा अखत्यार सर्वस्वी आपला, अशी जी समजूत आपल्या मुलखात रूढ आहे, ती निराधार आहे असे आम्ही म्हणत नाही. जमिनीखाली निश्चित प्रवाहाने न वाहणारे पाणी काढून घेण्याचा मालकाचा हक्क १८८२ च्या सुखाधिकार कायद्यानेच मान्य केला आहे. तथापि तो कायदा झाला तेव्हा उपसा मोटेने होत असे. बैल थकले की मोट थांबे आणि झऱ्यांना उसंत मिळे. विजेचा पंप थकत नाही.

महाराष्ट्राचा चार-पंचमांश भूभाग काळ्या पाषाणाचा. वरच्या मुरमात, मांजऱ्या खडकाच्या पोकळ्यांत आणि भेगांत जे मुरेल तेवढीच आपली पुंजी, आणि या भेगा बांध पाहून थांबत नाहीत. एकाने कूपनलिका खोल नेली की शेजाऱ्याची विहीर आटते, शेजारी कर्ज काढून आणखी खोल जातो, आणि ज्याला कर्जही मिळत नाही त्याच्या वाट्याला या स्वातंत्र्यातून टँकरची वाट पाहणे एवढेच उरते.

परंतु आमचा मुख्य आक्षेप उपशावर नाही, असत्यावर आहे. पीकपाहणीत ज्वारी आणि शेतात ऊस. मंजुरी तीन अश्वशक्तीची आणि पंप साडेसातचा! पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत विनापरवाना विहीर घेण्यास १९९३ च्या कायद्याने मनाई केली. तरी रात्री यंत्र येते, पहाटे जाते, आणि ज्यांनी त्याची घरघर ऐकली ते सर्व, उद्या आपल्यालाही तेच करावयाचे असल्यामुळे, मौन धरतात. या मौनाला शेजारधर्म म्हणण्याची चाल पडली आहे, हे तर अधिकच लाजिरवाणे.

१९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावी विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा जो प्रयोग केला, त्यात पाण्याचा वाटा जमिनीच्या क्षेत्रावर न ठरता कुटुंबातील माणसांवर ठरला, भूमिहीनासही मिळाला, आणि ऊस वर्ज्य झाला. हिवरे बाजारात पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवतात आणि त्याप्रमाणे रब्बीची पिके ठरवितात. शेतीसाठी कूपनलिका तेथे निषिद्ध आहे. तेथील बंधने टिकली ती आमच्या मते केवळ धाकाने नव्हे. आकडा सर्वांसमक्ष वाचला गेल्यावर तो नाकारण्याची सोय कोणालाच राहिली नाही.

आपला हिशेब चावडीवर लावणे हा खाजगी व्यवहारावर घाला आहे, असे काही मातब्बर बागायतदार म्हणतात. त्यांनी घरातील दागिने खुशाल झाकून ठेवावेत. शेजाऱ्याच्या विहिरीखालून ओढलेले पाणी मात्र खाजगी कसे, हे त्यांनी एकदा समजावून द्यावे.

येत्या ग्रामसभेत प्रत्येक विहिरीची पाणीपातळी दरमहा चावडीवर जाहीर करण्याचा ठराव आम्ही मांडणार आहोत. ज्यांचा विरोध असेल त्यांनी अवश्य यावे. मात्र येताना आपल्या विहिरीची खोली, पंपाची अश्वशक्ती आणि उभ्या उसाचे क्षेत्र स्वहस्ताक्षरात लिहून आणावे.