मडक्यावरची सीतेची वेणी

आंब्या-फणसाच्या फांदीवर वाढणाऱ्या ऑर्किडला आपल्याकडे सरसकट 'बांडगूळ' म्हणतात. हा त्या झाडावर अन्याय आहे. बांडगूळ दुसऱ्या झाडाचा रस शोषून जगते. ऑर्किड मात्र फांदीवर नुसते बसते. पाणी पावसातून आणि दवातून घेते, अन्न स्वतःच्या पानांत तयार करते. यजमानाकडे त्याचे मागणे एवढेच, बसायला जागा दे! हा फरक मला कळला तो एक रोप गमावल्यावर.

माझे माहेर खानापूर तालुक्यातले. काही वर्षांपूर्वी वळवाच्या वादळात परसातल्या फणसाची फांदी मोडली. तिच्यावर सीतेच्या वेणीची दोन रोपे होती. फांदीबरोबर तीही वाळून जातील, म्हणून मी बेळगावला घेऊन आले. एक रोप हौसेने कुंडीत लावले, शेणखत घातले, सकाळ-संध्याकाळ पाणी दिले. महिनाभरात मुळे काळी पडून सडली. दुसरे फांदीच्या तुकड्यावर तसेच ठेवले होते. ते पावसाळ्यात टिकले, पण पुढच्या मार्चमध्ये त्याची पाने सुरकुतू लागली.

शेजारच्या अज्जी शिरसीकडच्या. त्यांच्याकडे हे फूल म्हणजे 'सीताळे दंडे'. रोपाकडे बघून त्या म्हणाल्या, "इदक्के मण्णु बेड, गाळि बेकु." माती नकोच, वारा हवा! मग ओलाव्याचे काय? त्यावर त्यांनी कोपऱ्यातल्या मडक्याकडे बोट दाखवले. पाणी भर आणि रोप बाहेरून बांध, म्हणाल्या.

मडके हा शब्द मराठीत आणि कन्नडमध्ये जवळजवळ एकच, आणि त्याचा गुणही दोन्ही घरांत ठाऊक असलेला. भाजलेल्या मातीला बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी झिरपते, बाहेर येऊन त्याची वाफ होते आणि माठ गार राहतो. ऑर्किडच्या मुळांवर स्पंजासारखे पांढरट आवरण असते. ओलावा मिळाला की ते तो टिपून घेते आणि हिरवट दिसू लागते. मडक्याला चिकटलेले मूळ एका अंगाने ओलावा घेते, दुसऱ्या अंगाने त्याला वारा लागतो. आपण पाणी जास्त घालण्याचा प्रश्नच उरत नाही. मडके हवे तेवढेच देते.

करायचे असेल त्यांच्यासाठी थोडे तपशील. मडके नवे घ्यावे, रंग किंवा चकाकी दिलेले नको. जुन्या माठाची छिद्रे बुजलेली असतात. म्हणून तर तो पाणी गार करत नाही. रात्री पाणी भरून ठेवावे. सकाळी बाहेरून ओलसर दिसले तर उत्तम, धार लागली तर ते मडके नको. मुळांची टोके नव्याने हिरवी दिसू लागतात तो पावसाच्या सुरुवातीचा काळ बांधायला सर्वांत चांगला. सुती पट्टीने रोप मडक्याच्या कुशीला बांधावे, शेंडा किंचित बाहेर झुकलेला ठेवावा, म्हणजे पानांच्या बेचक्यात पाणी साचत नाही. जागा सकाळचे कोवळे ऊन आणि खेळता वारा असलेली हवी. मुळांनी मडके धरले की पट्टी सोडावी. पावसाळ्यात झाड उघड्यावर असेल तर मडके रिकामे करून ठेवावे.

दोन गोष्टी विसरू नयेत. मडक्याचे तोंड घट्ट झाकावे. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. दुसरे म्हणजे, बोअरच्या जड पाण्याने मडक्यावर पांढरे क्षार जमतात आणि मुळांना बाधतात. पावसाचे पाणी साठवून वापरता आले तर फारच छान. खत मडक्यात मुळीच घालू नये. वाढीच्या दिवसांत अगदी पातळ करून मुळांवर फवारावे.

आणि एक विनंती. चोर्ला किंवा आंबोलीच्या घाटात जाल तेव्हा रोपे उपटून आणू नका. ऑर्किडच्या एका बोंडात धुळीसारख्या बारीक अशा हजारो बिया असतात, पण प्रत्येक बी रुजायला योग्य बुरशीची साथ लागते. त्यामुळे जंगलात फार थोडी रोपे मोठी होतात. विकत घ्यायचे तर रोपवाटिकेत वाढवलेलेच घ्यावे.

माझ्या रोपाला तिसऱ्या वर्षी मे महिन्यात वेणी लागली. पांढरी, जांभळ्या-गुलाबी ठिपक्यांची, मडक्याच्या पोटावरून खाली लोंबणारी. अज्जींना हाक मारली. त्या बराच वेळ बघत उभ्या राहिल्या, पण तोडू काही दिली नाही. कुंडीत मी मारलेले पहिले रोप मला त्या वेळी आठवले. तुमच्या परसातली फांदी वळवात मोडली, तर चुलीत घालण्याआधी तिच्याकडे एकदा नीट बघा. घरात एक नवे मडके असू द्या.