ऑप्शन फॉर्ममध्ये भट्टी कुठे आहे?

सीईटीचा निकाल लागला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा मजकूर ठरलेला असतो : विद्यार्थ्याला इतके गुण आहेत, ऑप्शन फॉर्ममध्ये पहिले नाव कोणाचे टाकायचे? असे पालकांनी विचारले तर समजण्यासारखे आहे. पण ही पत्रे बहुतांशी कलाशिक्षकांची असतात. ज्यांनी त्या मुलाला एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवले, त्याच्याकडून स्थिरचित्रे घोटून घेतली, त्याचा हात मातीत चालतो की रेषेत हे ज्यांना ठाऊक आहे, तेच गेल्या वर्षीच्या कट-ऑफकडे बोट दाखवून मोकळे होतात. यात दोष त्यांचा एकट्यांचा नाही. निम्मा तरी प्रवेशप्रक्रियेचा आहे.

ऑब्जेक्ट ड्रॉइंग, मेमरी ड्रॉइंग, डिझाइन प्रॅक्टिकल अशी हाताच्या कामाची परीक्षा घ्यायची, आणि निकालानंतर तोच विद्यार्थी ज्या जागेत चार वर्षे हात चालवणार त्या जागेबद्दल चकार शब्द काढायचा नाही, असा हा विचित्र प्रकार आहे. संस्थेचा सांकेतिक क्रमांक, जागा, शुल्क, आरक्षण, शासकीय की अनुदानित की विनाअनुदानित, एवढे सगळे मिळते. शिल्पकला विभागात पूर्णवेळ शिक्षक आहेत, की सगळा भार तासिका तत्त्वावरच्या दोघांवर आहे, हे मिळत नाही. सिरॅमिक्सची भट्टी स्टोनवेअरसाठी लागणाऱ्या बाराशे अंशांच्या वर जाते, की बिस्किट फायरिंगपुरतीच पेटते आणि तीही वीजबिलाच्या धास्तीने सत्रातून एकदा, हे मिळत नाही. एचिंग प्रेस वापरात आहे की तिच्यावर जुनी सबमिशने रचली आहेत, झिंक प्लेट नायट्रिकमध्ये सोडताना धूर बाहेर ओढणारा पंखा आहे की उघड्या खिडकीवर भागवले जाते, हेही नाही. लाइफच्या वर्गाला वर्षभर मॉडेल बसते, की पहिल्या दोन महिन्यांत तरतूद संपून मुले एकमेकांचीच हेड स्टडी करत राहतात? रवी जाधवांच्या ‘न्यूड’मुळे मॉडेलचा विषय घरोघरी पोहोचला, मानधनाच्या बिलांवर सही करणाऱ्या टेबलापर्यंत तो पोहोचल्याचे काही दिसत नाही.

बरे, सरकारी मानांकनाकडे वळावे तर तेथेही हात रिकामेच राहतात. एनआयआरएफमध्ये वास्तुकलेची स्वतंत्र वर्गवारी आहे, फार्मसीची आहे, ललित कलेची नाही. नॅकची श्रेणी अख्ख्या संस्थेला मिळते. ओतकाम विभागाची भट्टी बंद असली म्हणून ‘अ’चा ‘ब’ होत नाही. मग उरते ते नाव आणि कट-ऑफ. कट-ऑफ म्हणजे गेल्या वर्षी किती जणांनी त्या नावावर भरवसा ठेवला याची मोजदाद. त्या भरवशाला आधार काय होता, हे कोणीच विचारलेले नसते.

नावाला किंमत नाही असे आमचे म्हणणे नाही. 1857 साली सुरू झालेल्या जेजेच्या नावामागे म्हात्रे, गायतोंडे उभे आहेत. मुंबईत शिकणाऱ्याला जहांगीर आर्ट गॅलरी चालत जाण्याच्या अंतरावर मिळते, आणि कलाबाजाराची भाषा कानावर पडत राहते, हा फायदा खराच आहे. पण नाव कशातून घडते हे बडोद्याकडे पाहिले की कळते. सयाजीराव विद्यापीठाची ललित कला विद्याशाखा 1950 ची, म्हणजे जेजेहून जवळजवळ शंभर वर्षांनी धाकटी. तेथे शंखो चौधरींनी शिल्पकला विभाग उभा केला, ना. श्री. बेंद्रे 1966 पर्यंत शिकवत राहिले, पुढे ज्योती भट्ट यांच्यासारखे विद्यार्थी तेथेच शिक्षक झाले. शिक्षक स्वतः काम करत होते आणि मुले ते काम होताना पाहत होती. हे सगळे स्टुडिओत घडले, आणि दबदबा त्यामागून आला. म्हणून 2023 मध्ये जेजेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला तेव्हा झालेल्या जल्लोषात सहभागी होतानाही आम्हाला शिक्षकांच्या रिक्त पदांची आठवण होत होती. पाटी बदलून पदे भरली जात नाहीत.

यावर ठरावीक उत्तरे येतात. पहिले, अंगात कला असेल तर मुलगा कोठेही चमकेल. चित्रकलेपुरते हे अर्धेमुर्धे खरे मानू, कारण कॅनव्हास घरीही ताणता येतो. पण आर्मेचरवर माती चढवून, साचा काढून ब्राँझपर्यंत जाण्याचा अनुभव घरच्या ओसरीत मिळत नाही. लिथोचा दगड कोणी विकत घेऊन ठेवत नाही. जितका विषय उपकरणांवर अवलंबून, तितकी महाविद्यालयाची निवड निर्णायक. दुसरे उत्तर अधिक वजनदार आहे : गरीब घरच्या मुलाला निवड असतेच कोठे? शासकीय महाविद्यालये मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर एवढ्याच गावांत, आणि वसतिगृह मिळेलच असे नाही. मान्य. पण ज्याला एकच डाव खेळता येणार, त्याला तर माहिती सर्वांत आधी हवी. शिल्पकलेला गेल्यावर तेथे ओतकाम होतच नाही हे तिसऱ्या वर्षी कळले, तर श्रीमंताचा मुलगा बडोद्याला किंवा शांतिनिकेतनला जाऊन ती कसर भरून काढील. दुसरा जाहिरात संस्थेत डीटीपी करील.

तेव्हा कला संचालनालयाने आणि सीईटी कक्षाने विषयवार स्टुडिओची माहिती पर्यायांच्या यादीला जोडणे प्रत्येक संस्थेला सक्तीचे करावे, अशी आमची मागणी आहे : नियमित शिक्षक किती, चालू यंत्रे कोणती, मॉडेलचे तास किती, कार्यशाळा सायंकाळी किती वाजेपर्यंत उघडी. एका पानात मावते. त्यासाठी समिती नेमण्याची गरज नाही. नेमली तर तिचा अहवाल येईपर्यंत आत्ताचा विद्यार्थी पदवीधर झालेला असेल.

तोपर्यंत हात बांधून बसायचे काय? इंटरमिजिएटच्या ग्रेडला दहावीत 7, 5 की 3 गुण मिळतात हे पालकांना वर्षभर समजावणाऱ्या कलाशिक्षक संघांना जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात एक दिवस काढता येऊ नये? वार्षिक प्रदर्शनाच्या दिवशी जाऊ नका, तेव्हा सगळे झाडलेले-पुसलेले असते. ऑगस्टमधल्या एखाद्या मंगळवारी दुपारी तीनला जा. प्राचार्यांच्या खोलीत चहा घेत बसू नका. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना भेटा, भट्टी शेवटची कधी लागली ते विचारा, प्रेसच्या रोलरवर शाई ओली आहे का बघा. जे दिसेल ते तारखेसह, विषयाच्या नावासह लिहून पाठवा. ज्या संस्थेबद्दल लिहिले तिचा खुलासाही शेजारीच छापू. ही पाने पुढच्या ऑप्शन फॉर्मच्या आधी मुलांच्या हाती पडायची, तर मजकूर जानेवारीअखेर आमच्याकडे पोहोचायला हवा.