निनांवी कीं परनांवी?

जुन्या अमेरिकन चित्रकथांतील अमुक पान कोणाच्या हातचें व कोणत्या सालचें, याचा कीस काढणाऱ्या मंडळींचा विषय निघाला कीं आमच्या व्यवसायबंधूंच्या मुखावर दयार्द्र स्मित उमटतें. त्यांचे आक्षेप दोन. हें रद्दीचें पांडित्य होय, हा पहिला. त्यास उत्तर देण्याची आम्हांस गरज वाटत नाहीं, कारण आज ज्या बाडांवर प्रबंध लिहिले जातात त्यांतलींही कित्येक एके काळीं रद्दींतच जमा होतीं. दुसरा आक्षेप भारदस्त आहे: अजिंठ्याच्या चित्रकारांनीं तरी कोठें सह्या ठोकल्या? कलेस नांवाची मातब्बरी ती काय?

अजिंठ्यास दात्यांचे लेख आहेत, चित्रकारांच्या सह्या नाहींत, हें खरें. परंतु तेथील दाता 'हें चित्र मीं काढिलें' असें म्हणत नाहीं! डेल कंपनीच्या डोनाल्ड डकच्या कथांवर वॉल्ट डिस्ने हें नांव ठळक छापलेलें असे. त्यांतील उत्तमोत्तम कथा लिहिल्या आणि रेखाटल्या कार्ल बार्क्स यांनीं. १९४२ पासून १९६६ पर्यंत हा मनुष्य या कामांत गढलेला होता. स्क्रूज हा कंजूष काका १९४७ सालीं त्यानेंच जन्मास घातला. नांव छापलें जात नव्हतें, तरी बालवाचकांनीं त्याचा हात बरोबर ओळखला. हीं बदकें इतरांच्या बदकांहून निराळीं, हें त्यांस कोणी शिकविलें नव्हतें. तीं त्यास 'चांगला बदकवाला चित्रकार' म्हणत. पुढें त्यांतलेच कांहीं मोठे झाले, त्यांनीं खटपट करून नांव शोधून काढिलें, आणि १९६० च्या सुमारास, साठीच्या उंबरठ्यावर, बार्क्सला वाचकांचीं पत्रें येऊं लागलीं.

बॅटमनची कथा याहून कडू. बॉब केन या एका नांवाखालीं डिक स्प्रँगनें चित्रें काढिलीं, १९५३ पासून १९६७ पर्यंत शेल्डन मोल्डॉफनें काढिलीं. नायक घडविण्यांत ज्याचा मोठा वाटा, तो लेखक बिल फिंगर १९७४ सालीं वारला. निर्माता म्हणून केनच्या जोडीस त्याचें नांव देण्याचें कंपनीनें मान्य केलें २०१५ सालीं. हें काम निनांवी नव्हे, परनांवी होतें; आणि अशा वेळीं 'कलेस नांव नसतें' हें तत्त्वज्ञान कोणाच्या सोयीचें, तें आमच्या मित्रांनींच सांगावें.

सालाचा घोळ तर विचारूंच नका. सुपरमॅन ज्यांत प्रथम अवतरला त्या अंकावर जून १९३८ असें छापलेलें आहे, पण अंक विक्रीस आला एप्रिलांत. ही मुद्रकाची डुलकी नव्हे. शिळा अंक फळीवरून केव्हां उतरवावा हें विक्रेत्यास कळावें, म्हणून महिना पुढचा घालीत. कोणीं कोणाची नक्कल केली या वादांत दोन महिन्यांनीं चोराचा साव होतो! त्यांत पुनर्मुद्रणांची भर. डेलच्या पुष्कळ अंकांत पहिल्याच पानांत बारीक आंकड्यांनीं अंकाचा क्रमांक, वर्ष व महिना नोंदलेला असतो. तो भिंगाखालीं वाचणाऱ्यास हंसणारे आमचे मित्र ताम्रपटावरील शकासाठीं मात्र रात्री जागवितात.

शोधक मंडळींसही एक गोष्ट सुनावणें अवश्य आहे. एकोणिसाव्या शतकांत मोरेल्लीनें कानांच्या पाळ्या व बोटांचीं नखें पाहून इटालियन चित्रांचे कर्ते ठरविले, तीच रीत येथें चालते. पण येथें पेन्सिल एकाची, शाई दुसऱ्याची, अक्षरें तिसऱ्याची; नुसत्या नजरेवर विसंबणारा शाईवाल्याचें श्रेय पेन्सिलवाल्यास देऊन मोकळा होतो. कंपनीच्या देयकांच्या वह्या, चित्रकारांच्या स्वतःच्या नोंदी, कॉपीराइटचीं दप्तरें यांची साक्ष काढिल्यावांचून निकाल देऊं नये. १९९४ सालीं आरंभिलेल्या ग्रँड कॉमिक्स डेटाबेस या सूचींत शंकास्पद नांवापुढें प्रश्नचिन्ह घालण्याची चाल आहे. हंसणाऱ्या पंडितांच्या वाङ्मयेतिहासांत असें चिन्ह किती ठिकाणीं आढळतें?