सहखेळ शिकवण्याची जागा बालवाडीच



स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलांना इतरांबरोबर खेळायला शिकवणे हे केवळ उपचारकेंद्राचे काम आहे, अशी समजूत पालकांत आणि शाळांतही रूढ आहे. परंतु जे कौशल्य सवंगड्यांवाचून अपुरे, ते एकट्या थेरपिस्टसमोर बसून पूर्णपणे अंगवळणी पडणे कठीण असते, आणि म्हणून ते बालवाडी-अंगणवाडीतच शिकवले गेले पाहिजे.

समाजशास्त्रज्ञ मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ मध्ये केलेल्या मुलांच्या खेळाच्या वर्गीकरणात एकट्याचा खेळ, शेजारी बसून आपापला चालणारा समांतर खेळ आणि कामे वाटून घेऊन एका हेतूने खेळला जाणारा सहकारी खेळ असे प्रकार येतात. बहुतेक मुले सहकारी खेळ बघून बघून शिकतात. स्वमग्न मुलांना मात्र दुसऱ्याची नजर, हावभाव आणि न सांगता पाळले जाणारे नियम उमगणे अनेकदा अवघड जाते, त्यामुळे प्रत्येक पायरी उलगडून दाखवावी लागते. ठोकळ्यांचा मनोरा रचताना एकाने ठोकळा द्यावा, दुसऱ्याने तो ठेवावा आणि पाळी कोणाची हे फोटोच्या कार्डावरून कळावे, एवढी साधी मांडणीही पुरते. थोड्या मोठ्या मुलांसाठी मानसशास्त्रज्ञ डॅनियल लेगॉफ यांनी २००४ मध्ये मांडलेल्या लेगो पद्धतीत चित्र वाचून सांगणारा, तुकडे देणारा आणि जोडणारा अशा भूमिका आळीपाळीने दिल्या जातात, त्या याच तत्त्वावर.

मोठ्या पटाच्या वर्गात हे कसे जमणार, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यासाठी दोन-तीन मुलांचा गट आणि रोजची दहा मिनिटे एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. मात्र वाट पाहणे आणि नेमके शब्द वापरणे गटातील इतर मुलांनाही शिकवले पाहिजे, आणि एकट्याने खेळण्याचा स्वमग्न मुलाचा आनंद हिरावून घेता कामा नये.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क देतो, पण तो सहा ते अठरा या वयोगटासाठी. खेळातून शिकण्याची सर्वांत मोलाची वर्षे त्याआधीच सरतात. केंद्र सरकारने २०२३ मध्ये दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडी कार्यपद्धती जाहीर केली आहे. तिला धरून राज्य शासनाने अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणात सहखेळाचा प्रत्यक्ष सराव समाविष्ट करावा आणि खासगी बालवाड्यांनाही तो बंधनकारक करावा.

— एक वाचक