नामोल्लेख हा मोबदला नव्हे

रानावनांत, डोंगरकड्यांवर व समुद्रकिनारीं हिंडून छायाचित्रें घेणें हाच आपला धंदा करूं इच्छिणाऱ्या तरुणांस सध्यां एक उपदेश जिकडेतिकडे ऐकावयास मिळतो. "प्रथम कांहीं वर्षें चित्रें फुकट द्या, त्यांखालीं नांव छापून येईल, आणि नांव झालें कीं पैसा आपोआप येईल." हा उपदेश करणारे बहुधा तेच असतात, ज्यांना चित्रें फुकट हवीं असतात. आमच्या मतें हा उपदेश नुसता निरुपयोगी नव्हे, तर घातक आहे.

एका चित्राचा हिशेब मांडून पाहूं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर इंद्रवज्राचें चित्र घ्यावयाचें, तर सकाळचें ऊन पाठीशीं आणि दरींत धुकें असा योग जुळून यावा लागतो. तो पहिल्याच फेरींत जुळेल अशी हमी कोण देणार? चार वेळां गड चढून रित्या हातीं परतावें व पांचव्या वेळीं चित्र मिळावें, हें या धंद्यांत नित्याचें आहे. प्रवासखर्च, वाटाड्याची मजुरी, पावसानें बिघडलेल्या भिंगाची दुरुस्ती आणि वायां गेलेले दिवस, हें सर्व त्या एका चित्राच्या किमतींत मोडतें. घेणाऱ्यास मात्र कळ दाबण्याचा तो एक क्षण तेवढा दिसतो. तो आपल्या जाहिरातपुस्तिकेच्या कागदाचे पैसे देतो, छपाईचे देतो, बांधणीचे देतो. ज्या चित्रामुळें ती पुस्तिका कोणी हातीं धरतो, त्याच्या कर्त्यास मात्र नामोल्लेख! वाण्याच्या दुकानीं नामोल्लेखावर चिमूटभर मीठ मिळाल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

यावर आक्षेप दोन. पहिला असा कीं, आज प्रत्येकाच्या खिशांत कॅमेरा आहे, मग चित्रास किंमत कसली? उत्तर सोपें आहे. तसें असेल तर आक्षेपकांनीं आपलाच कॅमेरा घेऊन पहाटे कडा चढावा. दुसऱ्याच्या दारीं चित्र मागण्यास येऊं नये. दुसरा आक्षेप असा कीं, पैशाच्या स्पर्शानें कला विटाळते. लाला दीनदयाळ हे इंदूरच्या बांधकाम खात्यांत नोकरी करीत असतां छायाचित्रणाकडे वळले आणि पुढें त्यांनीं हाच पूर्ण वेळाचा व्यवसाय केला. अमेरिकेचे अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनीं १९२७ सालीं हाफ डोमचें प्रसिद्ध चित्र घेतलें. तरी पुढें कित्येक वर्षें त्यांचा चरितार्थ गिऱ्हाइकांनीं सांगितलेल्या धंदेवाईक कामांवर चालला. यांपैकीं कोणाची कला विटाळली?

या फुकटेपणाचें खरें नुकसान एकट्या छायाचित्रकाराचें नाहीं. नांव हेंच वेतन ठरलें, कीं जें लवकर नजरेंत भरेल तेंच चित्र हवेंसें होतें. मग घरट्यापुढची फांदी तोडली जाते, पिलांवर प्रकाश पाडला जातो, कासच्या पठारावर फुलें तुडवून फुलांचेंच चित्र घेतलें जातें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येंतच वन्य पक्ष्यांच्या घरट्यांस उपद्रव देणें घातलें आहे, हें नवशिक्यास कोणी सांगत नाहीं. ज्या निसर्गावर हा धंदा उभा राहावयाचा, त्याचाच हा नाश होय.

मग आरंभ कसा करावा? हातची नोकरी एकदम सोडूं नये. दूरच्या जंगलाचा ध्यास धरण्यापूर्वीं आपल्या तालुक्यांतील एक डोंगर वा एक तळें सर्व ऋतूंत पाहावें. तेथें आपणांस जें दिसेल तें पाहुण्यास दिसणार नाहीं. आणि कायदा वाचावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें स्वतःहून घेतलेल्या चित्राचा हक्क घेणाराचा असतो. परंतु कोणी पैसे देऊन चित्र काढविलें आणि उलट करार नसला, तर तो हक्क काढविणाराकडे जातो. हक्काचें हस्तांतर लेखी व सहीनिशीं असावें लागतें. त्यांत मुदत लिहिली नसेल तर ती पांच वर्षें आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता, असें कायदा मानतो. एवढें ठाऊक असलेल्या तरुणास फसविणें कठीण जातें.

दानास आमचा विरोध नाहीं. गांवच्या शाळेस किंवा वनरक्षणाच्या कार्यास चित्र खुशाल द्यावें. पण तें आपखुशीनें आणि त्याची किंमत जाणून. नफ्यासाठीं चाललेल्या धंद्यास फुकट चित्र देणें याला दान म्हणत नाहींत. तसें देणारा आपल्यामागून येणाऱ्या दहा जणांची भाकर काढून घेतो. म्हणून नवोदितांस आमचें सांगणें एवढेंच, कीं पहिली किंमत लहान असली तरी चालेल. ती शून्य असूं नये.